पुठ्ठ्यावरचा शेवट

आमच्या मोहल्ल्यात रुपरावजींना कोणीच भीत नसे. शेजारची शेळी त्यांच्या ताटातली भाकर ओढून न्यायची आणि ते तिला "घ्या, घ्या" म्हणायचे. शेळीला अहोजाहो करणारा माणूस मी नागपुरात तरी दुसरा पाहिला नाही. अशा माणसाच्या तोंडून एका दुपारी चार वाक्यं गेली, आणि ती त्याला पुढे जन्मभर परत घेता आली नाहीत.

रुपरावजी मिलमध्ये होते. यंत्रात उजवा हात गेला. म्हणजे हात जागेवर राहिला, बोटंही राहिली, पण बोटांना काही सांगितलं तर ती ऐकेनाशी झाली. मिलनं घरी बसवलं. घरी बसलेला पुरुष म्हणजे बाईच्या पायात येणारं मांजर. सिंधूताईनं, त्यांच्या बायकोनं, काही दिवस सहन केलं आणि मग एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाली, "हात चालत नाही तं तोंड चालवा. शिकले ना तुमी सातवीपर्यंत? आमाले काही वाचून दाखवा."

आम्ही दुपारी त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली बिड्या वळायला बसत असू. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला दोरा. बिडी वळणाऱ्या बाईचे हात आणि डोळे सुपात अडकलेले असतात, कान तेवढे रिकामे. त्या रिकाम्या कानांत एकमेकींच्या सासवा भरून भरून आम्ही कंटाळलो होतो. म्हणून रुपरावजी वाचायला लागले तेव्हा कोणी नाही म्हटलं नाही. सुरुवातीला पेपर वाचायचे. मंत्र्यांचे दौरे ऐकून कांताबाईला डुलकी यायची आणि तिच्या बिड्या ढिल्या व्हायच्या. कारखान्यात ढिली बिडी फेकून देतात. मग सिंधूताईनं फर्मावलं की पेपर पुरे, विहारातल्या वाचनालयातून कादंबऱ्या आणा.

तेव्हापासून रुपरावजींचं नशीब उघडलं. लाजाळू माणूस, पण पुस्तक हातात आलं की आवाज असा काही निघायचा की रस्त्यानं जाणारा भाजीवाला गाडी थांबवून उभा राहायचा. राजाचा आवाज वेगळा, दासीचा वेगळा. दासी फार छान करायचे. मी म्हणायचे, "भाऊजी, घरी सराव आहे ना, म्हणून." सिंधूताई मला पानाचा देठ फेकून मारायची.

त्यांची एक खोड होती. पुस्तक कधी पुढे वाचून ठेवायचे नाहीत. आमच्याबरोबर जेवढं होईल तेवढंच. सिंधूताईनं चुलीपाशी कितीदा तरी विचारलं, "पुढं काय होते, मलेच सांगा ना." तर म्हणायचे, "मलेच ठाऊक नाही तं तुले काय सांगू? मीबी तुमच्यासंगच ऐकतो. आधी वाचून ठेवलं आणि मंग वाचून दाखवलं, तं ते तुमाले फसवल्यासारखं होते." इतका सरळ माणूस. या सरळपणानंच पुढे सगळा घोळ केला.

सहासष्ट-सदुसष्ट साल असेल. वाचनालयातून एक जुनी कादंबरी आली. शंभर वर्षांपूर्वीची, शिकल्यासवरल्या लोकांत मोठी नावाजलेली. तिचं खरं नाव भलतंच लांब होतं. आम्ही बायका तिला 'हेमकळा' म्हणायचो, कारण नायिकेचं नाव हेमकळा. भोसल्यांच्या राज्यातली गोष्ट. वैनगंगेच्या घाटावरची ही पोरगी, आणि अर्जोजी नावाचा शिलेदार. दोघांचं जमतं, लग्नही होतं, आणि तो दक्षिणेच्या मोहिमेवर निघतो. जाताना सांगतो, दिवाळीच्या आत येतो. दिवाळी येते, अर्जोजी येत नाही. हेमकळा रोज संध्याकाळी घाटावर दिवा लावून बसते. दिवाळ्या येतात नि जातात.

आमच्यात वच्छला नावाची एक बाई बसायची. बाई कसली, पोरगीच. तिचा नवरा बल्लारशाकडे कोळशाच्या खाणीत कामाला म्हणून गेला होता, पावसाळ्याआधी येतो म्हणून. दोन पावसाळे झाले. तिकडून येणारे-जाणारे सांगायचे की त्यानं तिथे दुसरं घर मांडलं आहे, पाळणाही हलतो. वच्छला म्हणायची, "दुसऱ्या कोणाले पाह्यलं असन." अर्जोजी मोहिमेवर निघाला त्या दिवसापासून ती एकही दिवस चुकली नाही. ताप असला तरी सूप घेऊन यायची. आमच्या सुपातल्या बिड्या वाढायच्या, तिच्या सुपातली बिडी अर्धी वळलेली तशीच.

शेवटी तिचा भाऊ गोपाळराव कळमेश्वरहून निरोप घेऊन आला की परवा येतो, तुला घेऊन जातो, इथे एकटी राहू नको. वच्छला हो म्हणाली. खरंच हो म्हणाली. गाठोडं बांधलं, भांडी सिंधूताईकडे ठेवली, आणि आदल्या दिवशी दुपारी येऊन बसली. कादंबरीही संपत आली होती.

"आज संपवा काकाजी," ती म्हणाली. "उद्या मी नसन ऐकाले."

रुपरावजी वाचत होते. संध्याकाळ झाली होती, पुस्तकात. हेमकळा घाटावर बसली होती. लांबून एक नाव येताना दिसत होती आणि नावेत कोणीतरी उभं होतं. रुपरावजींनी पान उलटलं.

मी त्यांच्या डाव्या अंगाला बसायचे, कारण तिथे सावली जास्त. म्हणून मला दिसलं. पानामागे पान नव्हतं. नुसता पुठ्ठा होता, वाचनालयाचा निळा शिक्का मारलेला. शेवटची पानं कोणी तरी कधीच फाडून नेली होती. आणि आमच्या सत्यवादी माणसानं पुढे उघडून पाहिलेलंच नव्हतं.

सगळ्यांचे हात थांबले. वच्छलानं दोरा दातात धरला होता, तो तोडायची राहिली.

रुपरावजींनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून वाचायला लागले. आवाज तोच, ठेकाही तोच. "नाव काठाला लागली. तीतून एक पुरुष उतरला, त्याचा उजवा हात निर्जीव लोंबत होता. हेमकळेने त्यास ओळखले नाही. तेव्हा तो म्हणाला, दिवा अजून तेवतो आहे, म्हणजे मला उशीर झाला नाही."

आणि पुस्तक मिटलं.

कांताबाई पदरात तोंड घालून रडली. सिंधूताई नवऱ्याकडे असं पाहत होती की लग्नाला इतकी वर्षं झाली हे तिला पटेना. मी त्या उजव्या हाताकडे पाहत होते. पुठ्ठ्यावरून वाचणारा माणूस दुसरा हात कुठून आणणार? जवळ होता तोच त्यानं अर्जोजीला लावून दिला.

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, शिक्का चांगला वाचता तुमी."

त्यांनी डाव्या हातानं माझ्यापुढे अर्धा नमस्कार केला. "बोलू नका गोपिकाबाई. जाऊन राहिली ती उद्या. जाता जाता खुश होऊन जाईन."

दुसऱ्या दिवशी गोपाळराव आला तर वच्छलाच्या दारात गाठोडं सुटलेलं. लुगडी परत दांडीवर गेली होती आणि ती सिंधूताईकडून भांडी परत आणत होती. भावानं विचारलं, "काहून वं?" तर म्हणाली, "मी कळमेश्वरले गेली आणि हे इकडं आले तं कुलूप पाहून परत जातीन ना."

तो एकटाच बस पकडायला गेला. रुपरावजी त्या दिवशी जेवले नाहीत. सिंधूताईलाही तेव्हाच त्यांनी पुठ्ठ्याचं सांगितलं.

सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. मीही म्हटलं. रुपरावजी म्हणायचे, उद्या सांगतो. पण दर उद्याला वच्छला सूप घेऊन हसत यायची, आणि पहिली बिडी वळायच्या आत म्हणायची, "काकाजी, नवीन पुस्तक मंग चालू करजा. आधी ते शेवटचं वाचा एकदा." फाटकं पुस्तक वाचनालयानं परत घेतलं नाही, ते रुपरावजींकडेच पडून होतं. त्यांना ते उघडून, पुठ्ठा समोर धरून, तीच वाक्यं तशीच म्हणावी लागायची. एकदा 'निर्जीव'च्या जागी 'लुळा' म्हणाले तर वच्छलानं मान वर केली. "निर्जीव आहे ना ते?" रुपरावजींनी पुठ्ठ्यावर बोट ठेवून शोधल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हो, हो. निर्जीव."

वर्षं गेली. मोहल्ल्यात नळ आला, कांताबाईला नातू झाला, मी चष्मा लावला. वच्छला होती तिथेच होती. कुठे जायची नाही, लग्नकार्याला गेली तरी संध्याकाळच्या आत परत. दाराला बाहेरून कुलूप दिसू नये म्हणून नुसती कडी लावून जायची. चोर काय नेणार, म्हणायची, आणि येणाऱ्याला कडी काढता येते. रुपरावजी तिच्या दारावरून जाताना ती कडी पाहायचे आणि पाऊल वेगात टाकायचे. मी ओट्यावरून हाक मारायचे, "भाऊजी, कोणी मागं लागलं काय?" ते हसायचेही नाहीत.

मग चौऱ्याहत्तरच्या फाल्गुनात गोपाळराव पुन्हा आला. या वेळी एकटा नव्हता. बरोबर काटोलचे मधुकरराव नावाचे गृहस्थ होते, तिथल्या संत्रामंडीत मापाडी. बायको वारलेली, पदरी एक लहान मुलगी. रंगानं काळे, बोलणं अगदी कमी. एक थैलीभर संत्री घेऊन आले, वच्छलाच्या ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि जाताना तिला फक्त इतकं म्हणाले, "आमच्या घराले मागं मोठं आंगण आहे. बिडी वळाची गरज नाही पडणार, पण वळली तरी कोणी नाही म्हणत नाही."

मला माणूस आवडला. मी थट्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

गोपाळराव बहिणीला म्हणाला, "वैशाख पौर्णिमेले मंगल परिणय लावून देतो. त्याच्याहून जास्त तो थांबणार नाही वच्छले. त्याची पोरगी लहान आहे."

वच्छलानं थैली उचलली आणि मोहल्ल्यात दारोदार संत्री वाटली. स्वतःला एकही ठेवलं नाही.

"गोड आहेत," मी तिला म्हटलं. "खाऊन तं पाह्य."

"तुमीच खा माय," ती म्हणाली. "मी खाल्लं आणि मंग नाही म्हटलं, तं बरं नाही दिसत."

त्याच आठवड्यात मोहल्ल्यातून भोंग्याची रिक्षा फिरली. रिक्षाला दोन्ही बाजूंनी मोठी चित्रं बांधलेली, त्यात नदी, घाट, दिवा आणि गोरीपान हेमकळा. महाल भागातल्या टॉकीजला हिंदी सिनेमा लागणार होता, आमच्याच कादंबरीवरचा. भोंग्यातून सांगत होते की सुप्रसिद्ध कादंबरीवर आधारित, ऐतिहासिक प्रेमकथा, सहकुटुंब पाहा. अर्जोजीचं हिंदीत अर्जुनसिंह केलं होतं. अंगणातल्या सगळ्या बायका सुपं खाली ठेवून रस्त्यावर धावल्या. रुपरावजी खाटेवरून उठले, परत बसले.

मी जवळ जाऊन म्हटलं, "भाऊजी, आता? त्यायच्याजवळ पुठ्ठा नसन, पूर्ण पुस्तक असन."

ते उठून आत गेले आणि कोनाड्यातलं फाटकं पुस्तक काढून बसले.

दुसऱ्या दिवशी ते उन्हातान्हात पायी बर्डीला गेले. तिथे मोठं वाचनालय आहे, जिथे अशी जुनी पुस्तकं कपाटात कुलपात असतात, घरी न्यायला देत नाहीत. कोणाच्या तरी हातापाया पडून त्यांनी ते पुस्तक मागवलं आणि इतक्या वर्षांनी खरी शेवटची पानं वाचली. परत आले, पाण्याचा लोटा तोंडाला लावला आणि सिंधूताईला नि मला म्हणाले, "नावेत अर्जोजी नाही. नावेत एक व्यापारी आहे. तो सांगते का अर्जोजीनं तिकडंच घर केलं, लेकरंबाळं आहेत. ती तरीबी दिवा लावतच राह्यते. तशीच म्हातारी होते आणि तिथंच घाटावर मरून जाते. एक दिवस लोकायले दिवा दिसत नाही, मंग समजते."

बल्लारशाचं नाव कोणी घेतलं नाही, पण ते तिघांच्याही मनात होतं.

"म्हणजे सारं खरंच लिहिलं होतं त्यानं," सिंधूताई म्हणाली. "आणि तुमी मधात आपला हात घातला."

रुपरावजी म्हणाले, "तिले सिनेमा दाखवाचा."

"तुमीच सांगा ना सरळ."

"मी सांगितलं तं तिच्या तोंडाकडं मले पाहा लागन," ते म्हणाले. "तिथं अंधार राह्यते."

माणूस किती घाबरट असावा, याला काही सुमार असतो. पण तेव्हा आम्हा दोघींनाही ते बरोबर वाटलं. पडद्यावर दिसेल, डोळ्यांनी पाहील, चार बायकांबरोबर रडेल, मोकळी होईल, पौर्णिमेला काटोलला जाईल. रुपरावजी तर त्या दिवसांत अंगणात भोंग्यासारखे सिनेमाची जाहिरात करत फिरायचे. ज्या सिनेमाच्या भीतीनं त्यांना घाम फुटला होता, त्याचीच आता त्यांना आस लागली होती.

आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. चैत्रातलं ऊन, डोक्यावर ओले पदर. लेडीज क्लास मागे बाजूला, लाकडी पट्टीनं वेगळा केलेला. रुपरावजी पुढे पुरुषांत बसले. सिनेमा चांगला होता. हत्ती होते, तलवारी होत्या, गाणी जरा जास्तच होती. कांताबाई प्रत्येक प्रसंगाला म्हणायची, "हे काकाजीनं चांगलं वाचलं होतं." मला मात्र पडद्यापेक्षा पुढच्या रांगेतलं एक डोकं दिसत होतं. पडदा उजळला की ते मागे वळलेलं असायचं. सबंध टॉकीजमध्ये हा एकच माणूस पडद्याकडे पाठ करून सिनेमा पाहत होता.

शेवट आला. नाव आली, व्यापारी उतरला, त्यानं सांगायचं ते सांगितलं. हेमकळेचे केस पांढरे झाले. मग घाट, मग रिकामी दिवटी, मग नुसतं पाणी. बायका हुंदके देत होत्या. मी वच्छलाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. मान थोडी पुढे काढून पाहत होती, बस स्टँडवर गाडीची पाटी वाचायला काढतात तशी.

दिवे लागले. सगळ्या उठल्या, ती उठली नाही.

दारावरची बाई म्हणाली, "चला बाई, संपलं."

"कुठं संपलं?" वच्छला म्हणाली. "अजून बाकी आहे ना."

तिला हाताला धरून बाहेर आणावं लागलं.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी रुपरावजी उभे होते, हातात पेला. बायकांची पंचायत तिथेच भरली. आपल्या टॉकीजवाल्यांची सवय साऱ्या शहराला ठाऊक होती. गर्दी असली की पुढच्या खेळाची घाई करायची आणि मधलीच एखादी रीळ गाळून टाकायची. गाणी गाळायचे, मारामाऱ्या गाळायचे.

"रीळ गाळली मेल्यायनं," कांताबाई म्हणाली. "अर्जोजी येते ते दाखवलंच नाही."

"पण ती मेली ना वं," मी म्हटलं. "मेल्यावर तो येऊन काय करीन?"

"ते रडवाले घातलं हिंदीवाल्यायनं. त्यायनं नाव बदललं, हत्ती आणले, पुस्तकात कुठं होते हत्ती? तसा शेवट बदलला."

सगळ्यांनी वच्छलाकडे पाहिलं. तिनं चेहऱ्यावरचा घाम पुसला आणि शांतपणे म्हणाली, "त्यायले पुढचं गवसलंच नसन. काकाजीजवळ आहे ते पुस्तक सगळ्यायजवळ नसन." मग रुपरावजींकडे वळून म्हणाली, "नाही का काकाजी?"

रुपरावजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतात. पेल्यातला रस त्यांच्या धोतरावर सांडला, आणि रसवाला म्हणाला, "दुसरा देऊ का बाबूजी?" तेवढ्यात बायका चालायला लागल्या होत्या.

पौर्णिमा जवळ आली. गोपाळराव शेवटचं विचारायला आला. त्या सकाळी रुपरावजींनी धुतलेला सदरा घातला, फाटकं पुस्तक काखेत घेतलं आणि मला नि सिंधूताईला बरोबर घेऊन वच्छलाच्या घरी गेले. जाताना म्हणत होते, "आज बोलतो. आज पाह्यतो तिच्या तोंडाकडं." आणि बोललेही. माझ्या डोळ्यांदेखत, एका दमात, खाली मान न घालता.

"वच्छला, या पुस्तकाले शेवट नव्हता वं. पानं फाटली होती. ते मी मनानं सांगितलं. अर्जोजी आला नाही. सिनेमात दाखवलं तेच खरं आहे. मी बर्डीले जाऊन वाचून आलो."

गोपाळरावनं सुटकेचा श्वास टाकला. वच्छला काकाजींकडे पाहत राहिली आणि मग हसली. कोणी आजारी माणूस आपल्याला पाणी द्यायला उठला तर हसावं तसं.

"गोपाळदादानं सांगाले लावलं ना तुमाले?"

"नाही वं. शपथ घेऊन सांगतो."

"शपथ नका घेऊ काकाजी. माझ्यासाठी खोटं बोलून राहिले, समजते मले. तुमाले बोलता येते काय खोटं? तुमी तं शेळीलेबी हाकलत नाही."

रुपरावजींनी पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. शेवटचं पान, मग पुठ्ठा. "हे पाह्य. आहे काय काही?"

वच्छलाला वाचता येत नव्हतं, पण पानं नाहीत हे तिला दिसलं. तिनं पुठ्ठ्यावरून हात फिरवला, शिलाईतले राहिलेले कागदाचे तुकडे बोटानं चाचपले. "तवा होती ना," ती म्हणाली. "इतकी वर्षं किती डाव उघडलं ते तुमी, माझ्याच पायी. फाटणारच."

रुपरावजी माझ्याकडे वळले. "गोपिकाबाई, तुमी सांगा. तुमी पाह्यलं होतं."

मी सांगितलं. जे पाहिलं तेच, जसं पाहिलं तसं, निळ्या शिक्क्यासकट. आजवर कोणतीच गोष्ट इतकी सरळ सांगितली नव्हती. माझं बोलणं संपलं तेव्हा वच्छला पदर तोंडाला लावून हसत होती, आणि काय सांगू, गोपाळरावच्याही तोंडावर हसू आलं होतं.

"तुमी नका वं मधात येऊ," ती मला म्हणाली. "मागच्या साली माझ्या दारात बल्लारशाचा पोस्टमन आला म्हणून कोण ओरडलं होतं?"

मीच ओरडले होते. होळीचा दिवस होता.

सिंधूताई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वच्छले, पुस्तक जाऊ दे चुलीत. ते काटोलचे चांगले आहेत वं. पोरीले माय पाह्यजे."

"चांगले आहेत," वच्छला म्हणाली. "म्हणून तं त्यायले अडकवून नाही ठेवत. त्यायले सांग दादा, दुसरं पाहा म्हणा." मग चूल पेटवायला आत गेली. "बसा सारे. चहा मांडते."

तिनं प्रत्येकाला चहा भरून दिला. रुपरावजींना पेला डाव्या हातात धरता यावा म्हणून बशी काढून नुसता पेला दिला. इतकी तिची सगळीकडे नजर.

पौर्णिमेला मधुकररावांचं लग्न झालं, काटोललाच, दुसऱ्या कोणाशी. गोपाळराव त्यानंतर फारसा आला नाही. तो तरी काय करणार, त्यालाही लेकरं होती.

रुपरावजींनी वाचणं बंद केलं. डोळे दुखतात म्हणाले. आम्ही पुन्हा एकमेकींच्या सासवांवर आलो, आणि आता तर आमच्यातल्या निम्म्या स्वतःच सासवा झाल्या होत्या. असा उन्हाळा गेला. एका दुपारी वच्छला उठली, त्यांच्या घरात गेली आणि कोनाड्यातलं ते फाटकं पुस्तक घेऊन बाहेर आली. पदरानं पुसून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"नवीन नका वाचू. एवढं शेवटचं वाचा. सिनेमा पाह्यल्यापासून मले ते म्हातारीचं तोंडच दिसून राह्यते. ते पुसून टाका."

रुपरावजींनी सिंधूताईकडे पाहिलं. ती सुपात पाहत होती. माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसायला लागले.

त्यांनी पुस्तक उघडलं. लुळा हात पुठ्ठ्यावर दाबायला ठेवला, वारा नव्हता तरी. घसा साफ केला. मला दिसत होतं की ते काहीतरी ठरवून बसले आहेत.

"नाव काठाला लागली," ते म्हणाले. "तीतून एक... तीतून एक व्यापारी..."

"पुरुष," वच्छला म्हणाली.

ते थांबले. तिचा हात बिडीवर थांबलेला, डोळे त्यांच्यावर. दोरा दातात.

"तीतून एक पुरुष उतरला," रुपरावजी म्हणाले. पुढे त्यांना सुचेना, की बोलवेना, कोण जाणे.

वच्छलानं दोरा तोडला, बिडी सुपात टाकली, दुसरं पान उचललं आणि वळता वळता, त्यांच्याच ठेक्यात, त्यांच्याच आवाजाच्या चढउतारात म्हणाली, "त्याचा उजवा हात निर्जीव लोंबत होता."

"त्याचा उजवा हात निर्जीव लोंबत होता," रुपरावजी म्हणाले.

"हेमकळेने त्यास ओळखले नाही."

"हेमकळेने त्यास ओळखले नाही."

मग पुढचं वाक्य ती सांगत गेली आणि ते तिच्या मागोमाग म्हणत गेले, शाळेत पाढे म्हणतात तसे, पुठ्ठ्यावरच्या निळ्या शिक्क्याकडे पाहत. बाकी बायकांचे हात परत चालू झाले. रस्त्यानं भाजीवाला चालला होता, तो सवयीनं गाडी थांबवून उभा राहिला.